टोकियोत आईबाबांना घेऊन ६ रात्री, बिझनेस हॉटेलात जमेल का?

बकुळफुलं
नमस्कार मंडळी, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पाच जण जपानला चाललोय, मी, नवरा, ९ वर्षांची लेक आणि माझे आईबाबा. टोकियोत ६ रात्री, मग क्योतोला ३. विमानाची तिकिटं झाली, पण हॉटेलपाशी गाडं अडलंय. बजेट एका रूमला रात्रीचे १५-१६ हजार येन आणि दोन रूम घ्यायच्या आहेत. या किमतीत तोयोको इन, आपा, डॉर्मी इन, सुपर हॉटेल अशीच नावं सारखी समोर येतायत, बिझनेस हॉटेल म्हणतात त्यांना. फोटोत रूम छान दिसते पण खाली लिहिलेलं असतं ११ चौरस मीटर, काल रात्री मी हॉलमध्ये टेप लावून तेवढी जागा मोजली आणि पोटात गोळाच आला. आईचे गुडघे दुखतात, शिवाय ती शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. बाबा ७३ वर्षांचे आहेत आणि पहिल्यांदाच देशाबाहेर पडतायत. दिवसभर हिंडून आल्यावर त्यांना नीट पाठ टेकता यावी एवढंच हवंय, चैन नको. 'सेमी डबल' सगळ्यात स्वस्त दिसतेय, आईबाबांना चालेल का?

पाऊलवाट
सेमी डबल नको गं बाई, अजिबात नको. मी टोकियोत ८ वर्षं राहतेय आणि घरचे पाहुणे आले की याच हॉटेलांत उतरवते म्हणून कळकळीने सांगतेय. सेमी डबल म्हणजे १२० सेंटीमीटर रुंदीचा एकच पलंग, दोघांना मिळून. डबल म्हटलं तरी बहुतेक ठिकाणी १४० असतो, कूस बदलायची तर दुसऱ्याला उठवावं लागतं. आईबाबांना 'ट्विन' घे, दोन वेगळे पलंग, आणि १८ चौरस मीटरच्या खाली जाऊ नकोस. इथल्या हॉटेलांच्या साइटवर पलंगाची रुंदी आणि रूमचं क्षेत्रफळ दोन्ही लिहिलेलं असतं, फोटो बघायच्या आधी ते दोन आकडे वाचायचे.

अजून एक, बुकिंग करताना माणसांची संख्या खरी टाक. इथे भाव पुष्कळदा माणशी असतो आणि एका रूममध्ये ठरल्यापेक्षा जास्त मोठी माणसं झोपलेली चालत नाहीत. लेकीचं मात्र जमेल, बऱ्याच चेनमध्ये प्राथमिक शाळेतलं मूल आईवडिलांच्या पलंगावर झोपणार असेल तर त्याचे पैसे घेत नाहीत, त्याला सोइने म्हणतात. वयाची अट प्रत्येकाची वेगळी असते, बुकिंगच्या पानावर बघून घे.

दगडफूल
पाऊलवाटने लिहिलंय त्याला +१. आणि 'नॉनस्मोकिंग' हा शब्द दोनदा तपासा. एप्रिल २०२० पासून तिथे इमारतींच्या आत सिगरेट ओढायला मोठी बंदी आली खरी, पण हॉटेलच्या रूमना त्यातून सूट आहे, म्हणून स्मोकिंग रूम अजूनही असतात आणि त्या जरा स्वस्तात दिसतात. मी घाईत तशी एक बुक केली होती, हॉटेलचं नाव घेत नाही कारण चूक माझीच होती, पण ४ रात्री पडद्यांना आणि उशीला तो वास येत होता आणि हॉटेल फुल असल्याने बदलूनही मिळाली नाही. आईबाबांना घेऊन जाताय म्हणून मुद्दाम लिहितोय.

उंडगा
माझं मत जरा वेगळं. पाच माणसं आहात तर सरळ अपार्टमेंट घ्या की, मिन्पाकु म्हणतात तिकडे. स्वयंपाकघर मिळतं, आईंच्या जेवणाचा प्रश्न सुटतो, वॉशिंग मशीन असतं, सगळे एकत्र राहता. आम्ही चौघं असंच राहिलो होतो आणि संध्याकाळी सगळे एका टेबलाशी बसून जेवायचो ते फार छान वाटायचं. जून २०१८ मध्येच कायदा लागू झाला त्यासाठी, नोंदणी नंबर असलेलंच घर घ्यायचं म्हणजे भीती नाही.

पाऊलवाट
उंडगा, तुम्ही म्हणताय ते तरुण कुटुंबाला अगदी बरोबर आहे. पण त्या घरांपैकी पुष्कळशी जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत असतात, दुसऱ्या मजल्यावर जायला अरुंद उभा जिना, कचरा वेगवेगळा करून ठेवायचा, आणि रात्री २ वाजता बाबांना बरं वाटेनासं झालं तर खाली कोणीही नाही. हॉटेलात फ्रंट डेस्कला माणूस असतो, तो ॲम्ब्युलन्स बोलावून पत्ता सांगतो. आपण जपानी न बोलणारी माणसं, वयस्कर मंडळी सोबत असताना मला तो माणूस स्वयंपाकघरापेक्षा मोलाचा वाटतो.

उंडगा
हे पटलं. आमच्याबरोबर ज्येष्ठ कोणी नव्हतं त्यामुळे तसा विचारच केला नव्हता.

हिशोबनीस
बजेटचं लिहितो. टोकियोचा राहण्याचा कर २००२ पासून आहे. माणशी एका रात्रीचं भाडं १० हजार येनच्या खाली असेल तर शून्य, १० ते १५ हजारच्या आत असेल तर १०० येन, त्यावर २०० येन. हा हिशोब माणशी असतो, रूममागे नाही. म्हणजे १६ हजारांच्या ट्विनमध्ये दोघं असाल तर माणशी ८ हजार होतात आणि कर लागत नाही. शनिवारची रात्र सगळ्यात महाग असते, तेच हॉटेल रविवारी बरंच उतरतं, तेव्हा शहर बदलायचं असेल तर शनिवार कुठे येतो ते बघा. टिप कोणाला द्यायची नाही.

गवतफूल
जागेचं कोणी बोललं नाही अजून! हॉटेल कुठलं यापेक्षा स्टेशनच्या कुठल्या एक्झिटपाशी आहे हे बघा असं मी सांगेन. शिंजुकुला 'स्टेशनपासून ५ मिनिटं' वाचून आम्ही हॉटेल घेतलं आणि बाहेर पडायलाच अर्धा तास लागला, २०० च्या वर एक्झिट आहेत त्या स्टेशनला आणि दिवसाला ३० लाखांवर माणसं ये-जा करतात. सासूबाई बरोबर होत्या, बॅगा होत्या, सरकता जिना सापडेना, त्या बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत पण मला फार वाईट वाटलं. आईबाबांना घेऊन शिंजुकु नकोच.

उएनो किंवा असाकुसा हे भाग बघा. नारिता विमानतळाहून स्कायलायनर ही गाडी थेट उएनोला येते, फक्त ते केइसेई उएनो हे वेगळं स्टेशन आहे, जेआरच्या (जपान रेल्वेच्या) उएनोपासून थोडं चालावं लागतं. असाकुसाला नारिता आणि हानेदा दोन्ही विमानतळांकडून न बदलता गाडी मिळते. पण असाकुसा नावाची स्टेशनं एकाहून जास्त आहेत, आणि त्सुकुबा एक्सप्रेस या रेल्वेमार्गाचं असाकुसा बाकीच्यांपासून बरंच लांब आहे. 'असाकुसा स्टेशन ३ मिनिटं' लिहिलं असेल तर कुठलं असाकुसा ते नकाशावर बघून घ्या, आणि लिफ्ट कुठल्या एक्झिटला आहे तेही.

मध्यरात्रीचा चहा
आईंच्या नाश्त्याबद्दल. चेन हॉटेलांत नाश्ता पुष्कळदा भाड्यातच असतो, तोयोको इनमध्ये तर तसाच असतो, आणि बघताना वाटतं की भात आहे, सूप आहे, भाज्या आहेत, झालं काम. पण मिसो सूपमध्ये दाशी, म्हणजे चवीसाठी उकळून काढलेलं पाणी असतं आणि ते बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनितो माशाचं असतं. शिजवलेल्या भाज्यांतसुद्धा तेच पाणी. माझ्या आईने दोन दिवस ते सूप पिऊन तिसऱ्या दिवशी कळल्यावर जेवणच सोडलं होतं, अजून मनाला लागून राहिलंय माझ्या. त्यामुळे पहिल्याच दिवशी सांगून टाका. साधा भात, सॅलड, फळं, ब्रेड (दूध-अंड्याचं विचारून) एवढं मिळतं. रूममध्ये किटली असतेच, उपम्याचं वगैरे कोरडं पाकीट नेलंत तर पाणी ओतून होतं. बाहेर ओकाचिमाचीला, उएनोच्या शेजारीच, भारतीय जेवण मिळतं, तिथे हिऱ्या-रत्नांचा बाजार आहे आणि त्या व्यापारातली आपली माणसं बरीच आहेत.

घरून विजेची शेगडी किंवा किटली नेऊ नका, जपानमध्ये १०० व्होल्ट आहे, आपलं उपकरण नीट तापत नाही. फोन-लॅपटॉपचे चार्जर चालतात, फक्त दोन चपट्या पट्ट्यांची पिन लागते.

बकुळफुलं
किती मनापासून लिहिताय सगळे, वाचताना डोळे भरून आले. दाशीचं मला माहीतच नव्हतं, तो मोठाच घोटाळा झाला असता. उएनो नक्की केलं. आता एकच शंका, बाथरूम. फोटोत टब दिसतोय आणि त्याची कड खूप उंच वाटतेय, आईला पाय उचलून आत टाकता येईल असं वाटत नाही.

पाऊलवाट
बरोबर हेरलंस तू, आणि हे कुठल्याच यादीत लिहिलेलं नसतं. त्याला युनिट बाथ म्हणतात, टब, बेसिन, कमोड, भिंती सगळं कारखान्यात बनवून आणून बसवलेलं. १९६४ च्या ऑलिंपिकच्या वेळी न्यू ओतानी हॉटेल घाईने उभं करायचं होतं तेव्हा तोतो कंपनीने ही पद्धत आणली आणि मग सगळीकडे पसरली. जागा वाचते, गळत नाही, पण आत शिरायलाच एक उंच उंबरा असतो आणि टबची कड त्याहून उंच. गुडघे दुखणाऱ्या माणसाला रोज दोन वेळा ते ओलांडणं म्हणजे पडण्याची भीती.

उपाय दोन. एक तर 'युनिव्हर्सल' किंवा 'बॅरियर फ्री' रूम विचार, बऱ्याच हॉटेलांत एखाद-दुसरी असते, पण लवकर जाते. दुसरं म्हणजे सगळ्या पाहुण्यांसाठी मोठं सामायिक न्हाणीघर असलेली चेन घे, डॉर्मी इन, सुपर हॉटेल यांच्याकडे असतं, बायकांचं आणि पुरुषांचं वेगळं. तिथे बसून अंघोळ करतात, कठडा धरून पाण्यात उतरतात. मात्र तिथे कपडे घालून जायचं नसतं, आईंना ते कितपत रुचेल हे तूच जाणे.

बकुळफुलं
आईला विचारलं, ती म्हणाली 'मी नाही बाई'. तरी घेतेय तसंच हॉटेल, बाबा तरी जातील.

बकुळफुलं
मंडळी, टोकियोहून लिहितेय, तिसरी रात्र. हॉटेल उएनोजवळ, वर नावं आली त्या चेनपैकीच, एक ट्विन १९ चौरस मीटरची आणि आमची डबल १४ ची. चेकइन ३ वाजता होतं, आम्ही ११ लाच पोचलो, बॅगा ठेवून घेतल्या आणि पावती दिली. परदेशी पाहुण्यांच्या पासपोर्टची प्रत काढून घेतात, तो नियमच आहे तिथला, त्यामुळे पाचही पासपोर्ट हाताशी ठेवा. ब्रश, कंगवा, रेझर रूममध्ये नव्हते म्हणून बाबा चक्रावले, तर ते लॉबीत एका फळीवर ठेवलेले, लागेल तेवढंच उचलायचं. एप्रिल २०२२ मध्ये प्लॅस्टिक कमी करण्याचा कायदा आला तेव्हापासून असं झालंय म्हणे.

जागेचं सांगते. पहिले दहा मिनिटं आई पलंगावर बसूनच राहिली, उभं कुठे राहायचं तेच कळेना. मग नवऱ्याने दोन्ही मोठ्या बॅगा पलंगाखाली सरकवल्या, पलंग मुद्दाम उंच ठेवलाय त्यासाठी, आणि एकदम जमीन दिसायला लागली. आता सगळं जागच्या जागी आहे. उशाशी दिव्याचं बटण, चार्जर, घड्याळ, चष्मा ठेवायला फळी, बाबांचा हात अंधारातसुद्धा बरोबर पोचतो. एक अडचण मात्र आली, रूम फार गरम. एसी आहे पण थंड हवा येईना. खाली विचारलं तर कळलं की अख्ख्या इमारतीचं यंत्र हिवाळ्यासाठी गरमवर टाकलंय, एका रूमपुरतं थंड होत नाही. खिडकी चार बोटं उघडते तेवढीच. एक छोटा पंखा आणून दिला त्यांनी, त्यावर भागलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येणाऱ्यांनी हे आधीच विचारून घ्या.

आणि आई न्हाणीघरात गेली! काल पाय इतके दुखत होते की रात्री ११ वाजता म्हणाली, चल, कोणी नसेल आता. बायकांच्या दारावर आकडे दाबायचं कुलूप असतं, आकडा चेकइनच्या वेळी देतात, ते बघून तिला जरा धीर आला. आत एक आजी होत्या, ऐंशीच्या असतील. आई टॉवेल गुंडाळून दारातच थांबली. त्या आजींनी बघितलं न बघितल्यासारखं केलं, मग हळूच उठून एक उंच स्टूल आईसाठी सरकवून दिलं, नळापाशी बसून आधी अंग धुवायचं ते हाताने करून दाखवलं, आणि छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, घडी करून डोक्यावर ठेवायचा, तेही. आई कठडा धरून उतरली. गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसल्यावर तिने जो श्वास सोडला ना, तो मी कधी ऐकला नव्हता. एक शब्द बोलल्या नाहीत दोघी आणि निघताना एकमेकींना वाकून नमस्कार केला. आज सकाळी ६ वाजता ती एकटी गेली होती.

मध्यरात्रीचा चहा
काय सुंदर लिहिलंयस बकुळ. आईंना माझा नमस्कार सांग.

गवतफूल
वाचताना घसा दाटून आला. माझ्या सासूबाईंना मी हे कधी विचारलंच नाही, परस्पर ठरवून टाकलं की त्यांना नको असेल. पुढच्या वेळी विचारणार.

बकुळफुलं
पाचवी रात्र, थोडं घाबरून लिहितेय. पहाटे ४ च्या सुमाराला भूकंप झाला. आम्ही नवव्या मजल्यावर. आधी हँगर एकमेकांवर आपटायला लागले, मग पलंग बाजूबाजूला हलला, दहा-पंधरा सेकंद असेल पण फार लांब वाटलं. मी धावत आईबाबांच्या रूमपाशी गेले, तर बाबा बूट घालून, पलंगाजवळचा टॉर्च हातात घेऊन शांत बसलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी दाराच्या आतला नकाशा वाचून जिना कुठे ते चालत जाऊन बघितलं होतं. तो टॉर्च भिंतीवरून ओढला की आपोआप लागतो. कॉरिडॉरच्या खिडकीवर लाल उलटा त्रिकोण आहे तो कशाचा म्हणून ते विचारत होते, आज विचारून आले, आग लागली तर अग्निशमनवाल्यांना आत शिरायची ती जागा. लिफ्ट काही वेळ बंद होती, मग सुरू झाली. फोन कोणाचाच वाजला नाही, असं का?

पाऊलवाट
सगळे ठीक ना? इथे शिंदो म्हणून हादऱ्याची मोजणी आहे, ० ते ७, त्यात ५ आणि ६ चे दोन-दोन भाग, म्हणजे एकूण १० पायऱ्या. आजचा आमच्याकडे ३ होता. फोनवरचा मोठा इशारा ५ च्या खालच्या पायरीपासून पुढचा धक्का अपेक्षित असेल तेव्हाच येतो, म्हणून वाजला नाही. लिफ्ट आपोआप जवळच्या मजल्यावर थांबतात, ते बरोबरच झालं. तू धावत गेलीस ते मात्र पुन्हा करू नकोस, हलणं थांबेपर्यंत पलंगावरच उशी डोक्यावर घेऊन बसायचं, खिडकीपासून लांब, आणि रस्त्यावर पळत सुटायचं नाही, वरून काचा पडतात. बाबांनी केलं ते शंभर टक्के बरोबर. त्यांना सांग मी म्हटलंय म्हणून.

बकुळफुलं
सांगितलं. ते काही बोलले नाहीत पण चहा पिताना तीनदा आईला नकाशा समजावून झाला.

दगडफूल
क्योतोला जाताना बॅगांचं काय करताय? तोकाइदो शिंकान्सेनमध्ये (टोकियो-क्योतोची बुलेट ट्रेन) लांबी-रुंदी-उंची मिळून १६० सेंमीच्या वर बॅग असेल तर २०२० पासून ठरावीक सीटचं आधी रिझर्व्हेशन लागतं.

पाऊलवाट
बॅगा नेऊच नका बरोबर. फ्रंट डेस्कला 'ताक्युबिन' म्हणा, फॉर्म देतील, क्योतोच्या हॉटेलचा पत्ता आणि बुकिंग कोणाच्या नावावर आहे ते लिहा. काळ्या मांजरीचं चित्र असलेली यामातो कंपनीची गाडी येऊन घेऊन जाते, १९७६ पासून चालू आहे ही सेवा. पैसे बॅगेच्या आकारावर. सकाळी दिलीत तर दुसऱ्या दिवशी पोचते, म्हणून औषधं आणि एका दिवसाचे कपडे पाठीवरच्या पिशवीत काढून ठेव. पासपोर्ट तर अंगावरच, परदेशी पाहुण्याने तो कायम जवळ बाळगायचा असतो इथे.

बकुळफुलं
क्योतोहून लिहितेय. बॅगा काल दुपारी आमच्या आधीच लॉबीत येऊन उभ्या होत्या, त्यांच्या चाकांना स्वच्छ प्लॅस्टिक गुंडाळलेलं. टोकियोहून एक दिवस आधीच पाठवल्या होत्या.

कोणी यादी करत असेल तर हे जोडा: हॉटेलातल्या कॉइन लाँड्रीला १०० येनची नाणी लागतात, आमच्याकडे ड्रायरला ३० मिनिटांना एक नाणं होतं आणि जाड कपड्यांना तीन-चार लागायची, रात्री १० नंतर मशीनपाशी रांग असते तेव्हा जेवायला जायच्या आधी लावा. लेकीने आमच्या १४० च्या पलंगावर मधे झोपून सहा रात्री काढल्या, तिला काही वाटलं नाही, नवऱ्याची मात्र पाठ धरली, तर मूल ८-९ वर्षांचं असेल तर पैसे वाचवायला जाऊ नका, तीन पलंगांची रूम शोधा. आईचा नाश्ता भात, सॅलड, केळं आणि आमचं मेतकूट, सहाही दिवस. इथल्या हॉटेलात न्हाणीघर नाही. आई आल्या आल्या विचारत होती, पाऊलवाट, क्योतोत जवळपास बाहेरचं सार्वजनिक न्हाणीघर असतं का, आणि तिथे उंच स्टूल मिळेल का?

पाऊलवाट
असतं गं, सेंतो म्हणतात. हॉटेलच्या डेस्कला 'सेंतो' विचार, नकाशावर खूण करून देतील. टॉवेल आणि साबण आपला न्यायचा. बायकांचा पडदा बहुधा लाल असतो. उंच स्टूल नसलं तर भिंतीशी उभं राहून घ्यायचा शॉवर असतो का ते आधी विचार, आणि आईंना तू हात धरून पाण्यात उतरव.